टायरांची पत्रिका

"नक्षी बघ, नक्षी!" आबांनी टायरवर थाडकन पंजा मारला. बाजारात बैल विकणारा बैलाच्या पुठ्ठ्यावर मारतो तसा. "ह्याला म्हातारा म्हणतोस व्हय?"

दस्तगीर टायरवाला चाकाशी उकिडवा बसला होता. त्यानं अंगठ्यानं टायरच्या कडेवरची धूळ पुसली आणि बोट ठेवलं.

"आबा, नक्षीवर जाऊ नका. हे वाचा."

"माझा चष्मा ट्रॉलीत हाय."

"वहिनी, तुम्ही वाचा."

मी वाकले. एका लांबट चौकटीत चार आकडे होते. दोन दोन शून्य दोन.

"दोन हजार दोन सालातला बाविसावा आठवडा," दस्तगीर म्हणाला. "म्हणजे मे संपता संपता जन्म. आज दोन हजार बारा. टायर पळून मरतो तसा उभ्या उभ्याही मरतो. तुमची गाडी पळते थोडी, उभी राहते फार. नक्षी झिजायची कशी? पण रबर वाळलंय. ह्या भेगा बघा."

"भेगा माझ्या टाचंलाबी हायत. मी चालतोय का न्हाय?" आबा म्हणाले, आणि चालूनही दाखवलं. विट्याच्या त्या दुकानापुढं धोतराचा सोगा धरून दोन फेऱ्या मारल्या. पंक्चर काढायला आलेली चार माणसं बघत राहिली.

मी आबांची धाकटी सून. आमचा धंदा जत्रेतला, हसऱ्या आरशांचा. उसाची असते तसली चार चाकी ट्रॉली, वर पत्र्याची लांब खोली, पुढच्या भागात बावीस आरसे आणि मागच्या भागात आमचा संसार. माणसं तिकीट काढून आत यायची, स्वतःला जाडं, बारकं, उलटं बघायची आणि पोट धरून बाहेर पडायची. जत्रा उठली की ट्रॉली ट्रॅक्टरला जोडायची. आमचे हे, यशवंत, ट्रॅक्टर चालवणार. मी मडगार्डवर बसणार. आणि आबा ट्रॉलीत, आरशांच्या मध्ये, पत्र्याच्या ट्रंकेवर. दार हिसक्यानं उघडायचं म्हणून बाहेरून कडी.

"आरशांना एकटं सोडायचं न्हाय," आबा म्हणायचे. दहा-अकरा वर्षं त्यांनी एकही प्रवास चुकवला नव्हता.

मी ह्या टायरांच्या मागं लागले त्याला कारण होतं. त्या साली कारखाने सुरू झाले तेव्हा आमच्या पुढं उसाची एक ट्रॉली चालली होती. तिचा मागचा टायर फुटला. आवाज झाला आणि आख्खी ट्रॉली, कूस बदलावी तशी, शांतपणे आडवी झाली. तिच्यात नुसता ऊस होता. आमच्यात कडी लावलेला बहात्तर वर्षांचा माणूस असायचा, आणि त्याच्या चारी बाजूंना काच.

ह्यांना म्हटलं, तर हे म्हणाले, "गाडी आबांच्या नावावर. ते हो म्हणतील तेव्हा. आन् आबा आत असताना मी कधी पळवतो का?"

ते खरं होतं. म्हणून मी आबांनाच दस्तगीरकडं घेऊन आले होते. आणि आबा फेऱ्या मारत होते.

दस्तगीर हुशार माणूस. त्यानं वाद घातला नाही. म्हणाला, "एक काम करा. भरल्या संसारासकट ट्रॉली वजनकाट्यावर घाला. वजन कळू दे, मग बोलू. टायरवर जन्म लिहिलेला असतो तसा भारही लिहिलेला असतो. तुमच्या एकेकावर बाराशे किलो लिहिलंय. चौघांचे मिळून चार हजार आठशे. त्याच्या आत असाल तर माझं म्हणणं मी मागं घेतो."

"आरं, तीन टनाच्या वर एक कांदा भरायचा न्हाय," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काट्यावर गेलो. आमच्या पुढं-मागं उसाच्या गाड्या. आबा आत ट्रंकेवर बसूनच होते, कारण त्यांचं म्हणणं, मी नसलो तर ते वजन खोटं.

काटेवाल्यानं खिडकीतनं विचारलं, "ऊस कुणाचा?"

"ऊस न्हाय, आरसे हायत," हे म्हणाले.

"कुठल्या कारखान्याला?"

"कारखान्याला न्हाय. खरसुंडीच्या जत्रेला."

त्यानं कागद फाडून दिला. पाच हजार तीनशे चाळीस.

मी दोनदा वाचला. मग ट्रॉलीत शिरले आणि एकेक गोष्ट उचलून बघायला लागले. माझा पाटा-वरवंटा निघाला, तो मी हळूच परत ठेवला. ह्यांचे जुने गिअर निघाले, एका गोणीत, "कधीतरी लागतील" म्हणून. आणि सगळ्यात मागं, पडद्याआड, वाळूची पोती. मोजली. आठ.

"आबा, ही वाळू?"

"आरसं हलू नयेत म्हणून."

"आरसे तर भिंतीला नटबोल्टनं बसवलेत."

"भिंत हलू नये म्हणून."

परत आल्यावर मी कागद त्यांच्यापुढं धरला. टायर नवे असते तरी हा भार त्यांना झेपला नसता, आणि हे तर दहा वर्षांचे. आबांनी कागद घेतला, उलटा धरून नीट वाचला आणि घडी करून टोपीत ठेवला.

"वजन दिसलं," ते म्हणाले. "पण आयुष्य किती हे दस्तगीर कोण सांगणार? जन्मतारीख कळलीया न्हवं? मग स्वामींकडं जाऊ. पत्रिका मांडू."

"टायरची?"

"जन्म हाय तिथं पत्रिका हाय."

आता हसू येतं, पण त्या क्षणी मला वाटलं, सुटले. आबा जगात एकाच कागदाला मान देत, तो म्हणजे पत्रिका. ट्रॅक्टरची त्यांनी मांडून घेतली होती. प्रत्येक आरसा ज्या दिवशी आला त्या दिवसाची होती. 'बुटकी' नावाच्या आरशाला साडेसाती होती आणि ती संपेपर्यंत तिच्यावर पडदा टाकलेला असायचा. म्हणजे स्वामींच्या तोंडून 'ह्या चौघांचं संपलं' एवढं बाहेर पडलं की काम झालं. मी आबांच्या थोडं आधी एकटीच गेले.

शंकरय्या स्वामी जंगमांपैकी, शांत, सज्जन माणूस. पोस्टातनं निवृत्त होऊन पत्रिका बघायचे. पंचांग उघडून बसले होते. घाईत मी मधूनच सुरुवात केली. माझी चूक तीच.

"स्वामी, चौघांचं बघायचंय. जन्म एकाच आठवड्यातला. दोन हजार दोन, मे अखेर."

"चौघं? एकाच वेळी?" त्यांनी चष्मा वर केला. "जुळी ऐकलीत, तिळी ऐकलीत."

"एकाच साच्यातले आहेत."

"शिव शिव. जन्मवेळ?"

"नक्की नाही. कुठल्या शिफ्टला झाले कोण सांगणार."

"दवाखान्यात?"

"कारखान्यात."

स्वामींनी लेखणी थांबवली. "कारखान्यात! कुणी जवळ नव्हतं?"

"मशिनवाले असतील."

"अरेरे." त्यांनी खरोखर डोळे पुसले. मला वाटलं, डोळे आलेत. "आता कुठं असतात?"

"आमच्याकडंच. ट्रॉलीखाली."

"खाली का?"

"वजन उचलतात ना."

"बाई, दहाव्या वर्षी?"

"तेच तर म्हणते मी! झेपत नाही आता त्यांना. दिवसभर उन्हात उभे, अंगभर भेगा पडल्यात. पण सासरे ऐकत नाहीत. म्हणून तुमच्याकडं आले." मी पुढं सरकले, आवाज उतरवला. "सासरे आत्ता येतील. त्यांना एवढंच सांगा, ह्या चौघांचं आयुष्य संपलंय. काढून टाकू आणि दुसरे आणू."

स्वामींनी लेखणी खाली ठेवली. त्यांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही.

"बाई," ते म्हणाले, "उठा."

तेवढ्यात आबा आत आले. "शरणार्थ, स्वामी. हिनं सांगितलंच आसंल. चौघंबी एकदम धडधाकट. मी रोज वर बसतो, हूं का चूं न्हाय."

"तुम्ही वर बसता?"

"मी, बावीस आरसं आन् आठ पोती वाळू."

स्वामी उठून उभे राहिले, आतल्या दाराकडं तोंड करून हाक मारली, "अगं, चपला दे माझ्या. पोलीस पाटलाकडं जायचंय."

"आन् त्यो दस्तगीर म्हणतो, फेकून द्या," आबा पुढं बोलतच होते. "म्हणतो, नवं टायर घाला."

स्वामी थांबले. एक पाय चपलेत होता.

"टायर?"

"मग कशाचं चाललंय?"

स्वामी हळूहळू खाली बसले. पाणी प्याले. माझ्याकडं बघितलं, आबांकडं बघितलं, आणि मग असे हसले की आतनं त्यांची बायको बाहेर आली. मला वाटलं, आता समजलं, आता मदत करतील. पण माणूस दुःखातनं एकदम सुटला की उदार होतो. त्यांनी मांडलेली पत्रिका परत जवळ ओढली.

"काही असो, मांडली ती मांडली. योग सुरेख आहेत हो. गुरू बलवान. प्रवासाचं स्थान तर असं की..." त्यांनी बोटांवर मोजलं. "ऐंशीच्या खाली नाहीत. चौघंही."

"स्वामी, ते टायर आहेत," मी म्हटलं.

"ग्रहांना काय ठाऊक बाई, टायर आहे का मूल?"

आबांनी अकरा रुपये आणि नारळ पुढं ठेवला. परतताना वाटेत भेटेल त्याला सांगत होते, "ऐंशी! अजून सत्तर राह्यली!"

दोन दिवसांनी निघायचा दिवस आला. सकाळचं ऊन चढलं होतं. ह्यांनी टायरात हवा भरली. आबांनी चारी टायरांना हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा एकेका चाकापुढं ठेवला. ट्रॅक्टर सुरू झाला. आबा आत चढायला आले तर ट्रंकेवर मी बसलेली.

"छबे, हे काय?"

"मी बसते आज आरशांपाशी. तुम्ही मडगार्डवर बसा. आणि बाहेरून कडी लावा."

"उतर."

"का? ऐंशी वर्षांचे टायर आहेत."

"उतर म्हणतो न्हवं."

"चांगले आहेत ना टायर?"

"चांगलं हायत."

"मग लावा कडी."

आबा आत आले. बावीस आरशांतनं बावीस आबा आत आले. एका आरशात ते दीड फुटाचे झाले आणि त्यांचा राग त्यांच्या अंगाला ढगळा व्हायला लागला. दुसऱ्यात नुसतं नाक आणि टोपी. मी एकीकडं भोपळ्याएवढी, दुसरीकडं सुतासारखी, आणि सगळीकडं ट्रंकेला घट्ट धरून. भांडणात असं आजूबाजूला बघू नये. हसू येतं, आणि हसलं की माणूस हरतो. मी पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिले.

बाहेरून हे ओरडले, "काय चाललंय? डिझेल जळतंय!"

"आरसा पुसतीया!" आबा ओरडले. मग माझ्याकडं वळून, अगदी हळू, "छबे, तुला हितं बसवून कडी लावायची माझ्या हातानं? फुटला बिटला म्हंजे?"

"ऐंशी वर्षं फुटत नाही ना?"

त्यांची नजर खाली, चाकाच्या बाजूला गेली.

"म्हणजे फुटेल हे तुम्हाला ठाऊक आहे."

आबा पडदा सारून वाळूच्या पोत्यावर बसले. टोपी काढली. काट्याचा कागद त्यात तसाच घडी केलेला होता.

"चार वर्सांपास्नं ठाऊक हाय," ते म्हणाले. "मी काय टायर बघत न्हाय व्हय? सकाळी उठून पयला हात त्यांच्यावरच."

"मग चार वर्षं त्या टायरांवर कडी लावून घेताय कशासाठी? आरशांसाठी?"

"आरशांना काय धाड भरलीया. भिंतीला बोल्ट हायत." त्यांनी दाराकडं बघितलं, ट्रॅक्टरच्या आवाजाचा कानोसा घेतला. "माज्या डोळ्याचं आपरेशन झालं ते साल आठवतं? मी इचलकरंजीला थोरल्याकडं हुतो. तुमी दोगंच ट्रॉली घेऊन गेला. आन् मला भेटाय आल्यावर तूच सांगितलंस. हसत हसत. म्हणालीस, आबा, चार घंट्याची वाट ह्यांनी दोन घंट्यात काढली. घाटात उतारावर गिअर काढून न्यूट्रलमदी सोडली. वारं लागत हुतं म्हणालीस."

मला आठवलं. खरंच हसत सांगितलं होतं. तेव्हा माझं लग्न नवं होतं.

"पाच टनाची ट्रॉली मागं, उतार म्होरं, आन् गिअर न्हाय," आबा म्हणाले. "आन् तू मडगार्डवर. मला रात्रभर डोळ्याच्या पट्टीखाली तेच दिसाय लागलं. सांगून ऐकणार न्हाय येशा, मी वळखतो त्याला. त्याचा आजाबी न्हाय ऐकला कुणाचं. मग म्हटलं, आपन आत बसावं. बाप मागं कोंडलेला आसला की कसाबी पोरगा हळू चालवतो. टायर जुनं हायत म्हटलं की आनखी हळू."

"आणि वाळू?"

"वजानानं ट्रॅक्टर दमतो की."

मी त्या आठ पोत्यांकडं बघितलं. माणसानं मुलगा हळू जावा म्हणून वाळू भरली होती, आणि त्या वाळूनंच टायरांचा जीव चालला होता, आणि टायर जाईल त्या दिवशी सगळ्यात आधी वाळू भरणाराच जाणार होता. आबांना हा हिशेब दिसला नव्हता असं नाही. त्यांनी त्यात स्वतःला धरलंच नव्हतं.

"आता नवं टायर घातलं," आबा म्हणाले, "की येशा म्हणणार, आबा, आता कशाला आत? पुढं बसा. न्हायतर इचलकरंजीला दादाकडं तिसऱ्या मजल्यावर जाऊन बसा. आन् पयल्याच घाटात गिअर काढणार. मग तुला कोन राखणार, नवं टायर?"

बाहेर हॉर्न वाजला. मी उठले, दार उघडून ह्यांना सांगितलं, "ट्रॅक्टर दस्तगीरकडं घ्या. टायर बदलायचेत. आबा हो म्हणाले."

आबा तोंड उघडणार तर मी त्यांना म्हटलं, "तुम्ही आतच बसायचं, आबा. दर वेळी. ह्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी मान हलवीन. पण खाली टायर मी निवडणार, आणि वाळू इथंच उतरवणार."

आबांनी एका पोत्यावरून हात फिरवला. "दोन पोती ऱ्हाऊ दे," म्हणाले.

"एकही नाही."

"बरं, तुजा पाटा?"

तोही उतरवला, एवढंच सांगते.

दस्तगीरनं पाच नवे टायर मांडले, चार आणि एक स्टेपनी. मी प्रत्येकाजवळ बसले आणि आधी भार वाचला. पंधराशेच्या वर, म्हणजे चौघांत मिळून पुष्कळ जागा राहत होती. मग जन्म वाचला. चौघं मागच्या पावसाळ्यातले, पाचवा तीन वर्षं जुना.

"हा मागं घ्या, दादा," मी म्हटलं.

"वहिनी, नवाकोरा आहे. चिठ्ठीसुद्धा निघालेली नाही."

"तीन वर्षं गोदामात म्हातारा झालाय."

दस्तगीरनं कपाळाला हात लावला. "मीच शिकवलं," आबांना म्हणाला, आणि आतनं दुसरा आणला. मग जीपचे टायर स्वस्तात बसतील म्हणून एक गिऱ्हाईक मध्येच बोललं, त्याला मी सांगितलं की जीपचा टायर जीप ओढायला केलेला असतो, पाच टन काचा वाहायला नाही. हे मला चार दिवसांपूर्वी ठाऊक नव्हतं. पण मी अशा थाटात सांगितलं की तो मला टायरवाल्याची बायको समजला.

जुने टायर उतरले. तिसरा, म्हणजे आबांच्या ट्रंकेखालचा, दस्तगीरनं उलटा करून दाखवला. आत हात घातला तर दोऱ्याचे झुबके हातात आले, जुन्या वाकळेतून यावेत तसे. आबांनीही हात घातला. बराच वेळ तो आतच होता. मग बाहेर काढून धोतराला पुसला.

"ऐंशी म्हणाला हुता स्वामी," ते पुटपुटले.

नवे टायर बसले. ह्यांनी चारी बाजूंनी फिरून बघितलं, खूश होऊन लाथा मारून बघितल्या. "आबा, आता आत कशाला? या, पुढं बसा. हवा खात जाऊ."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी आकाशाकडं बघितलं.

"येशा," आबा म्हणाले, "स्वामींनी ह्यांचीबी पत्रिका बघितली. चौघंबी मंगळाचं हायत."

"टायर?"

"कडक मंगळ. वर वडीलधारं मानूस बसल्याबिगर चालवायचं न्हाय. आन् पळवायचं तर आजाबात न्हाय. किती वर्सं गं छबे?"

"आयुष्यभर," मी मान हलवली. "स्टेपनीलासुद्धा आहे."

ह्यांनी दस्तगीरकडं बघितलं. दस्तगीरनं जॅक आवरायला घेतला.

आबा आत चढले, ट्रंकेवर बसले. मी माझ्या हातानं कडी लावली. मडगार्डवर चढले. ट्रॅक्टर निघाला. घाट लागला, उतार आला, हे गिअरमध्येच राहिले, पाय ब्रेकवर, मान सारखी मागं. मंगळाचे टायर आणि त्यांच्यावर बाप. आम्ही एवढ्या हळू उतरत होतो की मला रस्त्याकडेच्या प्रत्येक दगडाचा रंग आठवतो. मागून घुंगरं वाजली. खिलारी बैलांची एक गाडी आली आणि आम्हाला ओलांडून पुढं गेली. गाडीवान वळून वळून आमच्याकडं बघत होता.

तेवढ्यात आतून पत्र्यावर मुठी बडवत आबा ओरडले, "येशा! पळवतोस किती! हळू!"